गुप्त चौकशी, पोह्यांसकट

सरकारदरबारी श्रीमंत ठरायला मला जेमतेम पाऊण तास लागला, आणि तोही मी घरी नसताना. तिथून खाली उतरायला मात्र दोन आठवडे गेले. पाचगणीच्या घाटात गाडी चालवणारे सांगतात की चढण्यापेक्षा उतरणं अवघड. पण त्यांच्या गाडीला निदान ब्रेक असतात.

झालं असं की माझी एकुलती एक मुलगी अश्लेषा, हिला धनबादला भूकंपाचा अभ्यास करायला प्रवेश मिळाला. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या मुलीला भूकंप शिकायला झारखंडात कशाला जावं लागतं, असं मी तिला विचारलं. आमच्या कोयनेला काय कमी हादरे बसतात? ती म्हणाली, "बाबा, बसतात इथे, पण शिकवतात तिथे." फी माझ्या आवाक्याबाहेरची होती. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार होती. पालकांचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर शिक्षण संपेपर्यंतचं व्याज सरकार भरणार होतं. ती सवलत मिळाली तर मुलगी जाणार, नाही मिळाली तर नाही, इतकं ते सरळ होतं. ती गेली की वाईतल्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटा उरणार, हेही तितकंच सरळ होतं, पण ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बोलायला तरी होतं कोण? उमा, माझी बायको, चार वर्षांपूर्वी गेली.

आता माझी अडचण समजून घ्या. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. लग्नपत्रिका, शाळांच्या डायऱ्या, पतसंस्थांचे अहवाल, सगळ्यांच्या चुका माझ्या नजरेखालून जातात. पगार विचारू नका. पण आयुष्यभर मी एक उद्योग अगदी मन लावून केला, आणि तो म्हणजे आपण गरीब नाही असं दाखवण्याचा. इस्त्रीचा शर्ट, हातात चामडी बॅग (आत डबा आणि छत्री), आणि कुणी विचारलंच तर "मी मुद्रण व्यवसायात आहे" हे उत्तर. हे खोटं नाही. वर्गणी मागायला आलेल्या पोरांना कधी दारात ताटकळवलं नाही. इमारतीतले सगळे मला 'पंत' म्हणतात. आणि आता याच पंतांना सरकारपुढे उभं राहून सांगायचं होतं की साहेब, माझ्याकडे काही नाही हो.

खालच्या मजल्यावर बाळासो राहतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं आणि ते सगळ्यांना सांगतात. "आवं पंत, फिकर नॉट! बँकेत जाताना जुना सदरा घाला, उसवल्याला. गरीब दिसाय पायजे मानूस."

त्यांची बायको रंगुबाई आतून म्हणाली, "काय बी सांगू नगा त्यास्नी! उसवल्याला सदरा बघून बँकवाले दारातनंच माघारी लावत्याल. चांगलं कापडं घाला, पंत."

दोघांचाही मान राखावा म्हणून मी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली जुनी विजार घातली. काउंटरच्या आतून बघणाऱ्याला मी श्रीमंत दिसत होतो आणि रांगेत मागे उभ्या असलेल्याला गरीब. बँकेतल्या मयूरी मॅडम आतून बघत होत्या. अश्लेषाहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल मुलगी. संगणकावर माझा फॉर्म भरता भरता म्हणाली, "आईचं उत्पन्न, काका?"

"ती नाही."

"नाही म्हणजे गृहिणी?"

"नाही म्हणजे नाही."

तिची बोटं थांबली. "सॉरी काका. पण रकाना रिकामा सोडला की हे पुढेच जात नाही."

"मग शून्य टाका."

"शून्य टाकलं की पुरावा मागतं."

मी स्टँपपेपर घेतला आणि शपथेवर लिहून दिलं की माझी पत्नी उमा हिला मृत्यूनंतर कोणत्याही मार्गाने काहीही उत्पन्न मिळत नाही. उमा असती तर पोट धरधरून हसली असती. मलाही हसू येत होतं, पण ते सांगायचं कुणाला? अश्लेषाला सांगितलं असतं तर ती रडली असती. मग मी तो कागद स्टँपपेपर विकणाऱ्या वेंडरलाच वाचून दाखवला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि "पुढचे" असं म्हणाला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बँकेत जायला आवडू लागलं होतं. टोकन घेऊन बाकावर बसलं की शेजारचा माणूस आपणहून विचारतो, "कुठला नंबर?" मग ऊन, पाऊस, पाचगणीला चाललेल्या गाड्यांनी तुंबलेला रस्ता, असं काहीबाही बोलणं होतं. घरी अश्लेषा साताऱ्याच्या क्लासहून येईपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. दोनदा तर काही काम नसताना मी टोकन घेतलं आणि नंबर आल्यावर गुपचूप उठून बाहेर आलो. हे अश्लेषाला ठाऊक नाही.

त्या प्रतिज्ञापत्राला उमाचा मृत्यूचा दाखला जोडायचा होता. घरातली प्रत मी इतकी नीट जपून ठेवली होती की ती सापडेना. उमा मिरजेच्या दवाखान्यात गेली, म्हणून दुसरी प्रत तिथूनच आणायला हवी. सकाळच्या एसटीने निघालो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "किती प्रती देऊ?" मी म्हणालो, "एक." तो म्हणाला, "चार घ्या. लागतात." अनुभवाचा माणूस होता. चार घेतल्या. परतताना कराडपर्यंत त्या चारही प्रती मांडीवर ठेवून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पोराच्या लग्नाच्या पत्रिका व्हय?" मी 'हो' म्हणालो. नाही म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

मी कराडला असेन नसेन, तेवढ्यात इकडे वाईत माझं भाग्य उजळलं. घरी पोचलो तर रंगुबाई जिन्यातच उभ्या. तोंडावर दिवाळी.

"पंत, पेढं आना! आज आपल्या अश्लेषाला बघाय पाव्हनं आलं हुतं!"

"कोण पाहुणे?"

"पोरगा सवता आलाता, मैतराला घिऊन. पांढरी गाडी, इस्त्रीची कापडं, भांग कसा कोरल्याला! पोरगी किती शिकली, बाप काय करतो, घर सवताचं हाय का, शेतीबाडी किती, समदं इचारलं. नाव न्हाई सांगितलं. पर त्यो मैतर बोलून गेला की पोरगा सरकारी नोकरीत हाय, हितंच तालुक्याला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

बाळासोंनी छाती फुगवली. "इज्जत राखली तुमची. फुल्ल!"

आमच्याकडे हा न बोललेला नियमच आहे. उपवर मुलीच्या घराची चौकशी करायला अनोळखी माणूस आला की शेजाऱ्याने खरं सांगायचं नाही. सख्खं भांडण असलं तरी त्या दिवशी ते विसरायचं. घर चांगलं, माणसं चांगली, ऐपत चांगली. रंगुबाईंनी तर त्या पोराला बसवून कांदेपोहे खाऊ घातले, वर ओलं खोबरं घालून.

अश्लेषा चिडली. "बाबा, मला लग्न करायचंय का? कोण हा आगाऊ?" मीही तिच्याबरोबर चिडलो, पण अर्धवट. पुढचे दोन दिवस मी प्रुफं वाचता वाचता त्या पांढऱ्या गाडीचाच विचार करत होतो. तालुक्याला नोकरी म्हणजे मुलगी वाईतच राहिली असती. रविवारी आली असती, गुरुवारीही आली असती. एका पतसंस्थेच्या अहवालात त्या दोन दिवसांत माझ्या हातून सात चुका सुटल्या.

तिसऱ्या दिवशी, आधीच अर्ज केलेला उत्पन्नाचा दाखला घ्यायला तहसील कचेरीत गेलो तर दाखल्याऐवजी एक कागद हातात मिळाला. त्यावर लिहिलं होतं की स्थानिक गुप्त चौकशीत अर्जदाराचे पालक सधन असल्याचं आढळून आलं. आष्टा येथे नऊ एकर बागायती ऊस, वाई येथे स्वतःच्या मालकीचा छापखाना, पुणे येथे सदनिका. सबब मागणी नामंजूर. खाली सही, शिवतेज, तलाठी.

नंतर कळलं ते असं: पांढरी गाडी मित्राची होती, कारण तलाठ्याची मोटरसायकल पंक्चर झालेली. कपडे इस्त्रीचे होते, कारण त्या दिवशी मोठ्या साहेबांची बैठक होती. नाव सांगितलं नाही, कारण चौकशी गुप्त.

मी कचेरीच्या पायरीवर बसलो. खूप संताप यायला हवा होता, आणि मी त्याची वाट पाहत होतो. पण आत जे आलं ते निराळंच होतं. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता ती जाणार नाही. संध्याकाळी सव्वासातला जिन्यात तिची पावलं वाजतील, ती चपला भिरकावील, "बाबा, काय केलंय खायला?" म्हणेल, आणि हे असंच चालू राहील. आणि यात माझा काही दोष नाही, दोष बाळासोंच्या नऊ एकरांचा. इतका सोयीचा गुन्हा माझ्या हातून आजवर घडला नव्हता.

तो कागद मी बॅगेत डब्याखाली सारला. अश्लेषाने विचारलं, "दाखला?" मी म्हणालो, "साहेब रजेवर आहेत." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "सर्व्हर बंद आहे." सरकारी कचेरीबद्दल काहीही सांगा, माणसं विश्वास ठेवतात. बँकेत कागद देण्याची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, "बाबा, नाही झालं तर जाऊ दे. मी साताऱ्यात कुठेतरी शिकवायला लागते. तसंही तुम्हाला एकटं टाकून जायचं माझ्या जिवावर आलंय." आणि ती हसली. उमा आजारपणात 'मी बरी आहे' म्हणताना जशी हसायची, अगदी तसंच.

तीन दिवस मी मनात जे घोळवत होतो, नेमकं तेच ती बोलली होती, आणि तिच्या तोंडून ऐकताना ते फार वाईट वाटलं. मी उठून बॅगेतला कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. लोणच्याच्या तेलाचा डाग पुण्याच्या सदनिकेवर पडला होता.

तिने वाचला. तारीख पाहिली. "तीन दिवस?" एवढंच म्हणाली.

"हो."

तिने कागदाची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाली, "मला जायचंय, बाबा."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. माझ्या ताटातली भाजी मला संपवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याला गाठलं. शिवतेज चांगला मुलगा निघाला. मला पाहून म्हणाला, "अहो काका, तुम्हीच का ते? पोहे लय भारी होते!" मी त्याला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. "माझी पहिलीच नेमणूक आहे, काका. मला काय माहीत? पण आता नामंजूर झालंय ना, फेरचौकशी लावावी लागणार. पंचांचे नवे जबाब पाहिजेत. आणि आष्ट्याला जमीन नसल्याचा पुरावा."

नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा आणायचा, हा प्रश्न मी आष्ट्याच्या कचेरीत प्रत्यक्ष विचारला. तिथल्या वयस्कर कारकुनाने चष्मा वर केला. "पाव्हनं, जे न्हाई त्याचा उतारा मी कसा काढू? हाय त्याचाच निघंना झालाय." बाहेर गावकऱ्यांची रांग लागलेली. प्रत्येकाला आपली जमीन आपलीच आहे हे सिद्ध करायचं होतं आणि मला माझी नाही हे. शेवटी त्याने 'सदर नावाने या गावी जमीन आढळून येत नाही' असं लिहून शिक्का मारला आणि म्हणाला, "आता ही बी जपून ठेवा." मी एसटीतून जाताना दोन्ही बाजूंचा ऊस पाहत होतो. चार दिवस का होईना, यातला नऊ एकर माझ्या नावावर होता.

राहिले पंच, म्हणजे बाळासो आणि रंगुबाई. त्यांच्यासमोर जाऊन आपण कोण नाही ते सांगायचं. मी बॅग घरी ठेवून त्यांच्या गॅलरीत गेलो. बाळासो पेपर वाचत होते, रंगुबाई शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय. छापखाना माझा नाही. मी तिथे नोकर आहे. पगार फार थोडा आहे. हा ब्लॉकही भाड्याचा आहे. मी गरीब माणूस आहे."

बाळासोंनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "ठावं हाय की."

"काय?"

"कवापासनं ठावं हाय." रंगुबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "तुमच्या सदऱ्याच्या कॉलरा उलट्या करून शिवल्याल्या असत्यात. उमाताई असल्यापासनं बघतोय. त्या सवता शिवायच्या, आता तुमी शिवताय. टाका वाकडा येतोय तुमचा."

"मग इतकी वर्षं…"

"तुमास्नी नगं हुतं कुनी बोलल्यालं, म्हनून न्हाई बोललो." बाळासो म्हणाले. "मानूस एवढ्या मेहनतीनं झाकतंय, तर आपुन कशाला उघडं करायचं, पंत? आन् त्या पोराला तर पोरीसाठी आल्याला समजून सांगितलं. पोरगी गावातच दिली असती तर तुमास्नी सोबत झाली असती. हिलाच लय काळजी. रोज म्हंती, पोरगी गेल्यावर ह्या मानसानं करायचं काय."

मी खाली बसलो आणि रंगुबाईंच्या ढिगातल्या शेंगा फोडू लागलो. बारा वर्षं मी ज्यांच्यापुढे सोंग वठवत होतो, ते बारा वर्षं मला सांभाळून घेत होते, आणि मला वाटत होतं की मला कुणी नाही. माझ्या अब्रूला त्या दिवशी मोठा धक्का बसला, पण रडू आलं ते अब्रूसाठी नव्हे.

फेरचौकशी बँकेच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी होती, आणि ती बाळासोंनी फौजी शिस्तीत हाती घेतली. सकाळी आठ वाजता ते माझ्या घरात शिरले आणि टीव्ही उचलला. मग मिक्सर. मग दोन खुर्च्या आणि भिंतीवरचं घड्याळ. मी म्हणालो, "अहो, घड्याळ कशाला?" ते म्हणाले, "गरिबाला टाइम कशाला लागतोय?" शिवतेज आला तेव्हा घरात एक सतरंजी, एक तांब्या आणि आम्ही उरलो होतो. त्याने चारी बाजूंना पाहिलं. "काका, घर सोडताय का?"

"लय हलाखी हाय, साहेब," बाळासो म्हणाले. "कदी कदी तर आमीच जेवाय घालतो."

"बाळासो!" मी ओरडलो.

"काका, तुम्ही गप्प बसा," शिवतेज म्हणाला. "मागल्या वेळी यांनी नऊ एकर ऊस सांगितला होता. आज सांगतील ती हलाखीही अर्धी करून लिहितो मी. उद्या सकाळी दाखला हातात." आणि खरंच तो माझा जितका पगार आहे तितक्यावर येऊन थांबला. अश्लेषा चहा घेऊन आली. सतरंजीवर बसून जबाबाचे रकाने भरले जाऊ लागले. घर भाड्याचं. शेती नाही. इतर उत्पन्न नाही.

"कुटुंबातील व्यक्ती?"

"दोन," बाळासो म्हणाले.

"मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर घरी राहणार किती?"

बाळासो सतरंजीची दशी ओढू लागले. रंगुबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. घरभर ऊस लावणारी ही माणसं, आता त्यांना एक साधा आकडा सांगता येईना. शिवतेजने पेन धरून बाळासोंकडे पाहिलं, मग रंगुबाईंकडे.

"एक," मी म्हणालो.

"बाबा, नको," अश्लेषा म्हणाली.

"लिहा साहेब. एक. खरं तेच आहे."

त्याने लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. नेहमीसारखी, वळणदार. अश्लेषा माझ्या पाठीशी उभी राहून रडत होती, ते मला ऐकू येत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर तो आकडा खोडून मी दोन केला असता.